मागची जागा

शुक्रवार, मांस न खाण्याचा वार, म्हणून चुलीवर मूग होते. पेपिंग शेवग्याचा पाला निवडत बसली होती आणि फोन वाजला. मोटरसायकलच्या दुकानातली मुलगी. आवाज गोड, घाईचा. "सर आहेत का मॅडम?" नाहीत, धक्क्याकडे गेलेत, गाडीचं जहाज बघायला, असं पेपिंगने सांगितलं. मुलगी हसली. "रोज जातात का हो? जहाज अजून बाहेरच आहे मॅडम. आत यायला दोन दिवस तरी लागतील. मी एवढ्याचसाठी फोन केला, सरांनी मागची सीट काढून तिथे सामानाची जाळी लावायला सांगितलीय. मग काढलेली सीट तुमच्या घरी पाठवू की इथेच ठेवू?" पेपिंगने विचारलं, "कुठली सीट?" मुलीला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मागची, मॅडम. डबलसीट बसतात ती."

त्यांना विचारून सांगते, म्हणून पेपिंगने फोन ठेवला आणि पुन्हा पाल्याकडे वळली. पण बोटांना काय झालं कोण जाणे, पानं ताटात आणि काड्या आमटीत पडायला लागल्या. ती थांबली. चौतीस वर्षं ती कुठल्याही मोटरसायकलच्या मागे बसली नव्हती. ज्या जागेवर आपण चौतीस वर्षं बसलो नाही, ती कुणी काढून घेतली तर त्यात आपलं काय गेलं? ती स्वतःलाच विचारत राहिली, आणि उत्तर म्हणून छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी बारीक, काट्यासारखं हलत राहिलं. मूग बुडाशी लागल्याचा वास आला तेव्हा कुठे ती उठली. बाळ येशूच्या मूर्तीपुढचा दिवा सकाळीच लावून झाला होता, तरी तिने जाऊन वात पुढे सारली. हाताला काहीतरी काम हवं होतं.

तिच्या नवऱ्याने, गार्योने, मोटरसायकल घ्यायची म्हटलं तेव्हा ती हसली होती. सहासष्ट वर्षांचा माणूस. अडतीस वर्षं जहाजांच्या पोटात इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला. रोटरडॅम बघितलं, सांतोस बघितलं, पण आपल्या सेबू बेटाच्या पलीकडचं बेट मात्र फक्त डेकवरून. "आता जमिनीवरून बघायचंय पेपिंग. बोटीत गाडी टाकायची, पलीकडे उतरायचं, रस्ता संपेपर्यंत जायचं. मग पुन्हा बोट. एकेक बेट." त्याने तिला चित्र दाखवलं होतं. उंच, मोठ्या चाकांची, चोच असलेली, एखाद्या करकोच्यासारखी. जपानहून यायची होती. त्या चित्रात मागे सीट होती. पेपिंगने तेव्हा ती बघितली होती, आपण बघितली हे त्याला कळू नये इतक्या चटकन.

आणि आता हे बाहेर नांगर टाकून बसलेलं जहाज. नऊ दिवस झाले. धक्क्यावर जागा नाही म्हणे. गार्यो रोज सकाळी दुर्बीण घेऊन समुद्राच्या भिंतीवर जाऊन बसायचा आणि जेवायला आला की फोन पुढे करायचा. निळ्या पाण्यावर हिरवा, तांदळाएवढा बाण. "ही बघ. कालपासून नाक उत्तरेला. भरती बदलली की फिरते." पेपिंग त्या बाणाकडे बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. एवढंसं. हातात मावणारं. जगातलं कुठलंही जहाज आत्ता कुठे आहे ते घरबसल्या, मूग निवडता निवडता दिसतं. हा बाण त्या वर्षी कुणी तिच्या हातात ठेवला असता, एकदा, एका क्षणापुरता, तर.

जेवायच्या आधी सोलेदादताई आली. गार्योची मोठी बहीण, शेजारीच राहणारी, दाराची कडी न वाजवता शिरणारी. "आलं का जहाज? पांढरी कोंबडी बांधून ठेवलीय मी. रोज मूठमूठ मका खाते. अजून चार दिवस गेले तर मला लळा लागेल तिचा." पेपिंग म्हणाली, "फादर येऊन तीर्थ शिंपडणार आहेत ना ताई. मग कोंबडी कशाला?" सोलेदादताईने आमटीचं झाकण उचलून वास घेतला, नाक मुरडलं. "तीर्थ देवासाठी. रक्त रस्त्यासाठी. चाकाला कोंबडीचं लावलं नाही तर ते माणसाचं मागतं. दोघांना जेवू घालावं लागतं, बाई. आणि हे काय, करपवलेस? तू? शुक्रवारचे?" मग खुर्ची ओढून बसत, पंख्याखाली मान नेत, "पण तुला काय त्याचं. तू थोडीच बसणार आहेस. तरणीताठी होतीस तेव्हा नाही बसलीस. माझा भाऊ एकटाच जायचा मागे रिकामी सीट घेऊन, सगळी आळी बघायची. आई तर म्हणायची, हिला त्याच्या अंगाला परदेशातल्या बाईचा वास येत असेल." आणि ती हसली. जुन्या टोमण्याची धार गेली की तो करमणुकीला उरतो, तसं. पेपिंगही हसली. चौतीस वर्षांत तिला हे हसू छान जमलं होतं.

तेव्हाची गाडी निळी होती. लहानशी, जळक्या तेलाचा धूर सोडणारी. गार्यो सुट्टीवर आला की ती घरात कमी आणि त्या सीटवर जास्त जगायची. बाजाराला, चर्चला, डोंगरावर थंड हवेत मक्याची कणसं खायला. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पिशवीत कधी मासे, कधी फुलं. वेगाचं तिला वेड नव्हतं. वेड होतं ते निराळंच होतं. पुढून तो काही बोलायचा आणि वाऱ्याने शब्द उडून जायचे, पण गाल त्याच्या पाठीला टेकवला की तेच शब्द हाडांतून ऐकू यायचे. घुमणारे, खोल, जणू घराच्या आत कुणीतरी बोलतंय आणि आपण भिंतीला कान लावलाय. समोर बसून तो कधी तसा बोलायचा नाही. खलाशी माणूस. वर्षातले दहा महिने इंजिनाच्या गडगडाटात काढलेला, घरी आला की बोलणं विसरलेला. पण त्या सीटवर त्याची पाठ बोलायची. मला मुलगी झाली तर बरं. बंदरात एका म्हाताऱ्याचं गाणं ऐकलं, तुझी आठवण आली. मला समुद्राची भीती वाटते पेपिंग, कुणाला सांगू नकोस. हे सगळं तिला पाठीतून कळलं होतं. तोंडातून कधीच नाही.

मग तो नोव्हेंबर. वादळ आलं ते रात्रभर घराचे पत्रे उपटत राहिलं, आणि सकाळी शहर ओळखू येईना. नारळाची झाडं कंबरेत मोडलेली. खाडीत मोठमोठी जहाजं मेलेल्या म्हशींसारखी कुशीवर पडलेली. तीच बघितली तिने, आणि तिथेच चूक झाली. इथे बंदरात ही गत, तर उघड्या समुद्रात काय असेल? फोनच्या तारा तुटलेल्या, तार ऑफिस बंद, कंपनीचं ऑफिस पाण्याखाली. गार्योचं जहाज कुठे आहे ते सांगणारं अख्ख्या सेबूत कुणी नव्हतं. सतरा दिवस. अठराव्या दिवशी ती बाळ येशूच्या मोठ्या चर्चला चालत गेली. अंगणात मेणबत्त्या विकणारी बाई उभी होती. हातात लाल मेणबत्त्यांचा जुडगा, कुणाच्याही वतीने देवापुढे नाचून गाऱ्हाणं घालणारी. "कुणासाठी?" तिने विचारलं. "नवऱ्यासाठी. तो पाण्यावर आहे." बाई दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे, हळूहळू नाचू लागली, गार्योचं नाव घेत. आणि पेपिंगला वाटलं, परक्या बाईचे पाय माझ्यासाठी झिजतायत आणि मी नुसती उभी? पेपिंगच्या आईने शिकवलं होतं, देवाला नको असलेलं देऊ नये. ज्यावर जीव आहे तेच द्यावं, आणि ते बोलून दाखवू नये, बोललेल्या नवसाची वाफ निघून जाते. ती मनात शोधायला लागली. सोनं तिच्याजवळ नव्हतं. गोड ती खायचीच नाही. उपास ती असेही करत होती, त्यात नवं काय? आणि शोधता शोधता जिथे हात जाऊ नये म्हणून ती सगळीकडे हात घालत होती, तिथेच तो गेला. त्याला सुखरूप आण. मी पुन्हा त्याच्या मागे बसणार नाही. कुणाच्याच नाही. मरेपर्यंत.

तो जानेवारीत आला. बोटीवरून उतरला तो गुटगुटीत होऊन. "अगं, आम्ही तैवानात! इंजिन खोललेलं, गोदीत उभे, अठरा दिवस नूडल्स खातोय. वाऱ्याची झुळूक नाही. वादळ तर तुमच्यावर आलं! मीच तिथे जीव मुठीत धरून, की सेबू उरलं की नाही." तो हसत होता आणि हसता हसता त्याने पिशवीतून हेल्मेट काढलं. लाल. बायकांच्या मापाचं. "तुझ्यासाठी. आता मागे बसशील ती राणीसारखी." तिने ते दोन्ही हातांत घेतलं. त्याच्या आतल्या कापसाचा नवा वास तिला अजून आठवतो. तिला म्हणता आलं असतं. देवा, तू फसवलंस. किंवा, देवा, माझीच गल्लत झाली, शब्द परत दे. पण देवाला दिलेलं म्हणजे काय शेजारणीकडे गेलेली वाटी, की पुसून परत मागावी? जहाज कुठे होतं ते देवाला ठाऊक होतं. तिला नव्हतं. शब्द तिने दिला होता. मग कधी कंबर दुखते, कधी ऊन फार आहे, मग पोटुशी राहिली ते निमित्त, मग बाळ लहान. वर्षभर तो विचारत होता. मग विचारायचा थांबला. गाडी विकली त्या दिवशी त्याने घेणाऱ्याच्या देखत आरसा स्वच्छ पुसला, आणि घरात येऊन हात धुतले. फार वेळ धुतले.

गार्यो जेवायला आला, करपलेले मूग खाल्ले, आणि पुन्हा दुर्बीण घेऊन गेला. पेपिंगने फोनचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि मीठ हवं का विचारलं. तो गेल्यावर तिने भांडी घासली, साडेतीनची प्रार्थना गाठायला छत्री घेतली, आणि चालताना तिच्या लक्षात आलं की आपण रागावलो आहोत. त्याच्यावर. म्हणजे बघा, नवस तिचा, मौन तिचं, नकार तिचा, आणि राग मात्र त्याच्यावर, की ती कधीच बसणार नाही यावर त्याने शेवटी विश्वास ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून एक वाईट गोष्ट तिला त्या उन्हात, गटाराच्या कडेकडेने चालताना दिसली. इतकी वर्षं ती रिकामी सीट तिची होती. न बसता तिची. आत कुठेतरी एक खोली कुलूप लावून ठेवावी आणि किल्ली आपल्याकडे आहे एवढ्यावर सुखाने झोपावं, तसं. त्यागाचाही एक साठा असतो. ती रोज त्याच्यावरून हात फिरवत होती.

फादर अंब्रोसियो चर्चमागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. पोरसवदा पाद्री, तिच्या मुलीहून लहान, तिला पूर्ण नावाने, पर्पेतुआबाई म्हणून हाक मारणारे. पेपिंगने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पानांकडे बघत. सांगून होईपर्यंत ते झारी तशीच धरून होते. पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या चपलेवर आलं. "चौतीस वर्षं," ते म्हणाले. "आणि एकदाही बसला नाहीत? मागे पाय मुरगळला होता तुमचा, तेव्हासुद्धा?"

"नाही फादर. चालत आले होते."

"हा नवस सोडवायचा अधिकार मला आहे, पर्पेतुआबाई. कुणीही, कधीही, येऊन विचारलं असतं तर. मोडायचा नाही. त्याच्या बदल्यात दुसरं काही द्यायचं."

 अधिकार होता. कुणीही, कधीही. चर्चचं हे दार घरापासून अकरा मिनिटांवर होतं. "द्या बदलून," ती म्हणाली. "काय करू? बुधवारचाही उपास धरते. गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जाईन, रोज."

फादर हसले, पण मायेने. "गुडघ्यांची सवय आहे तुम्हाला. उपासाचीही. तेच द्याल जे जड नाही?" त्यांनी झारी खाली ठेवली. "नवऱ्याला सांगा. आज सूर्य बुडायच्या आत. बाकी काही नको."

"फादर, दुसरं काहीही सांगा."

"बघा," ते म्हणाले, "बरोबर जड तेच निघालं ना?"

समुद्राच्या भिंतीवर गार्यो पाय लोंबकळत सोडून बसला होता. म्हातारा माणूस पाठमोरा फार लहान दिसतो. शर्टाखाली खांद्याची हाडं. तिने छत्री मिटली आणि शेजारी बसली. त्याने न बघताच दुर्बीण तिच्या हातात दिली. "हिरव्या पोटाची. तिसरी. दिसली? तिच्या तळाच्या मजल्यावर आहे आपली. खोक्यात. आज मी मनात हिशेब केला, सहा गाड्यांच्या मापाची खोकी असतील." तिने बघितलं. पाणी, ऊन, गंजाचे डाग, डेकवर वाळत घातलेला कुणाचातरी टॉवेल. कुणीतरी तिथेही होतं, घरापासून लांब. मग दुर्बीण डोळ्यांवर तशीच ठेवून, त्याच्याकडे न बघता, तिने सांगितलं. वादळ, खाडीतली कुशीवर पडलेली जहाजं, मेणबत्तीवाली, शब्द. एवढं सांगायला किती कमी वेळ लागला. तेवढ्यात एक पडाव भिंतीपासून जहाजापर्यंतसुद्धा पोचला नाही.

"तैवानात नूडल्स खात होतो मी," गार्यो म्हणाला.

"माहीत आहे. तूच सांगितलंस."

"आणि तरी?"

"तरी."

त्याने शर्टाची बाही नाकाशी नेली. मग म्हणाला, "मला वाटलं तुला माझा वास नकोसा झाला. इंजिनाचा. कितीही साबण लावला तरी तो जात नाही, मला ठाऊक आहे. मी सुट्टीवर यायच्या आधी तीन-तीन दिवस लिंबं चोळायचो अंगाला. खलाशी हसायचे." त्याचा आवाज वर चढला नाही, उलट खाली खाली गेला, जिन्यावरून उतरल्यासारखा. "देवाला काय दिलंस तू? सांग ना. तुझी जागा दिलीस? ती काय तुझी एकटीची होती? अर्धी माझी होती, पेपिंग. पाठ माझी होती. मला न विचारता दिलीस."

तिने दुर्बीण खाली घेतली. इतक्या वर्षांत, इतक्या शुक्रवारांत, देवासमोर हिशेबाने स्वतःला उभं करताना हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. दानाची वस्तू दुसऱ्याच्या घरातून उचललेली होती. आणि देवाने ती मुकाट्याने ठेवून घेतली होती, किंवा कदाचित कधी घेतलीच नव्हती, तशीच अंगणात पडून होती, उन्हापावसात.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हे त्याला म्हणालीस का?" त्याने हनुवटीने चर्चकडे दाखवलं.

"त्याला नाही. तुला म्हणतेय."

गार्यो भिंतीवरून उतरला. गुडघे करकरले. तिला वाटलं, हा आता एकटाच चालायला लागणार, आणि तसा तो चार पावलं गेलाही. मग थांबला. सूर्य जहाजांच्या मागे टेकला होता, रस्त्यावर सुटलेल्या कारखान्यांची गर्दी, भरून आलेल्या प्रवासी जीपगाड्या कुणाला दाराशीही उभं करत नव्हत्या. कोपऱ्यावर भाड्याच्या मोटरसायकलवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते, या भाऊ, या ताई, डोंगरावर, बाजारात, कुठेही. अशा हाकांसमोरून ती चौतीस वर्षं मान खाली घालून गेली होती. गार्यो एका जाड्या, चाळिशीच्या माणसापाशी गेला. "दोघांना नेशील?"

"चौघांना नेतो, बाबा. डुक्कर असेल तर पाच." माणसाने पेपिंगकडे बघितलं. "आजीला मध्ये घालू या. दोन्हीकडून उशी."

"नाही," गार्यो म्हणाला. "ती माझ्या मागे."

"पडतील हो. सवय आहे का?"

 गार्यो चढला आणि पुढे सरकला, जितकं सरकता येईल तितकं, आणि मागे न बघता थांबून राहिला. त्याची मान लाल झाली होती. रागाने की उन्हाने, तिला मागून कळेना. त्याने माफ केलं होतं असंही तिला वाटलं नाही. पण जागा होती. वीतभर. तिने पाय टाकला, तो अर्ध्यात अडकला, गाडीवाल्याने "आई गं" म्हटलं, दुसऱ्या गाडीवाल्याने शिट्टी मारली, तिचा घागरा गुडघ्यापर्यंत वर गेला आणि ती बसली. गाडी एकदम सुटली. वारा तोंडावर आला, डिझेलचा, माशांचा, भाजलेल्या मक्याचा. समोर शर्ट होता, आणि शर्टात लिंबाचा वास.

घराबाहेर पडताना, कुणालाही निरोप देताना, रस्ता ओलांडताना देवाचं नाव घ्यायची तिची सवय होती. सुखरूप पोचव, एवढं तरी. आताही ओठ हलले. पण गाडी वळणावर कलली, तिने दोन्ही मुठींत त्याचा शर्ट गच्च धरला, आणि मागायचं राहून गेलं. हात जोडायला मोकळेच नव्हते.